आडनावाचा माग, मागावरचे कापड

‘ग्रँट डफ’ हे एक आडनाव नव्हे. ती दोन आडनावे आहेत. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या या अधिकाऱ्याचा जन्म १७८९ साली स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील बॅन्फ या गावी झाला, तो जेम्स ग्रँट म्हणून. मुंबईच्या फौजेत तो दाखल झाला तेव्हाही तो ग्रँटच होता. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी त्याने कंपनीचा कारभार पाहिला, तोही कॅप्टन ग्रँट या नावानेच. मायदेशी परतल्यावर, सुमारे १८२५ मध्ये, आईच्या घराण्याची ईडन ही जहागीर त्याच्याकडे आली आणि जहागिरीबरोबर आईचे ‘डफ’ हे आडनावही आले. १८२६ साली त्याचा तीन खंडांचा ग्रंथ लंडनला छापला गेला तेव्हा त्यावर दोन्ही आडनावे होती. साताऱ्याच्या कागदपत्रांत ‘डफ’ हे नाव हुडकत बसणाऱ्याला त्यामुळे काहीच सापडायचे नाही.

स्कॉटिश आणि आयरिश आडनावांचा शोध घेताना अशा अडचणी पदोपदी येतात. आडनाव, रक्ताचे नाते आणि कुळाचे म्हणून मिरवले जाणारे चौकड्यांचे कापड, म्हणजे टार्टन, या तीन गोष्टी एकाच दोरीत ओवलेल्या आहेत असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तिन्हींचा इतिहास वेगळा आहे, तिन्हींची दप्तरेही वेगळी आहेत आणि त्यांच्या वयात तर शतकांचे अंतर आहे.

सर्वांत जुने आडनावच. गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. वंशपरंपरेने चालणारी आडनावे युरोपात जिथे फार लवकर रुजली अशा देशांत आयर्लंडची गणना होते. गॉलवेकडच्या एका सरदाराच्या मृत्यूची नोंद ९१६ साली ‘ओ क्लेरी’ या आडनावाने झाली असून ती या प्रकारच्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी मानली जाते. १०१४ साली क्लोंटार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरू या राजाचे वंशज पुढे ओब्रायन म्हणवू लागले. या ‘ओ’च्या डोक्यावर इंग्रजीत जे लोपचिन्ह दिसते त्याचा गेलिकशी संबंध नाही, मूळ अक्षरावरची दीर्घत्वाची रेघ इंग्रज कारकुनांनी तशी उतरवली. मुलीच्या नावात ‘मॅक’चे ‘निक’ आणि ‘ओ’चे ‘नी’ होते. एकाच घरातल्या भावाबहिणींची आडनावे गेलिक कागदात वेगळी दिसतात ती याच कारणाने.

स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेत, म्हणजे हायलँड्समध्ये, आडनाव इतक्या लवकर पक्के झाले नाही. अठराव्या शतकापर्यंत तिथला सामान्य माणूस ‘अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू’ अशी बापजाद्यांची माळ सांगूनच स्वतःची ओळख देई, आणि ही माळ दर पिढीत बदले. स्थिरावलेल्या नावांत पूर्वजाचे नाव असे, तसाच त्याचा धंदाही असे. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा वंश. हा डोनाल्ड ११६४ मध्ये मारल्या गेलेल्या सॉमरलेड या समुद्रवीराचा नातू. मॅकिंटायर म्हणजे सुताराचा मुलगा, मॅकगोवन लोहाराचा. मॅकनॅब मठाधिपतीचा आणि मॅकटॅगार्ट चक्क पाद्र्याचा. तिथल्या जुन्या चर्चमध्ये धर्मगुरूंचे संसार असत याची साक्ष या नावांत टिकून राहिली आहे. कॅम्पबेल म्हणजे वाकड्या तोंडाचा, कॅमेरून म्हणजे वाकड्या नाकाचा. ज्यांच्या शब्दासरशी हजारो माणसे शस्त्र उचलत, त्या घराण्यांची ही नावे आहेत.

मुंबई इलाख्यात वावरलेल्या स्कॉट मंडळींची नावे नुसती ओळीने मांडली तरी आडनावांचे बहुतेक प्रकार समोर येतात. एल्फिन्स्टन हे गावावरून पडलेले नाव. पूर्व लोथियन परगण्यात त्या नावाची जमीन आणि खेडे आहे. माल्कम म्हणजे संत कोलंबाचा मुंडित शिष्य. आयोना बेटावर मठ स्थापणाऱ्या या संताचे निधन ५९७ मध्ये झाले, आणि ‘रामदास’ या नावात जो भाव आहे तोच इथेही आहे. जॉन विल्सनचे आडनाव ‘विलचा मुलगा’ इतके साधे. ग्रँट हे गेलिक नव्हेच. नॉर्मन फ्रेंचमधल्या ‘मोठा’ या अर्थाच्या शब्दापासून ते आले आणि तेराव्या शतकात ‘ले ग्रांट’ या रूपात इन्व्हर्नेसच्या कागदांत उमटले. ब्रूस आणि सिंक्लेअर ही घराणीही नॉर्मंडीकडची. स्टुअर्ट हे तर राजवाड्याच्या कारभाऱ्याचे पद. पद वंशपरंपरेने चालले, त्याचे आडनाव झाले आणि पुढे त्याच घराण्यात राजमुकुट आला. राहिला डफ. त्याचे मूळ गेलिक ‘दुव’ म्हणजे काळा. इतिहासकाराच्या जोडनावाचे मराठी करायचे तर ‘थोरले-काळे’ असे काहीतरी होईल.

आडनाव पक्के झाले तरी त्यावरून कूळ ठरत नाही. ‘क्लॅन’ हा शब्द गेलिक ‘क्लान’ म्हणजे मुलेबाळे यावरून आला असला, तरी हायलँड्समधला क्लॅन हा केवळ भाऊबंदांचा गोतावळा कधीच नव्हता. त्यात नायकाचे सगेसोयरे असत, जमीन कसणारी कुळे असत, आश्रयाला आलेली परकी माणसे असत आणि लढाईत हरलेल्या दुसऱ्या टोळीचे उरलेले लोकही असत. नायकाचे आडनाव लावले की संरक्षण मिळे, आणि नायकाची तलवारींची संख्या वाढे. हा व्यवहार दोघांच्याही सोयीचा होता.

याची उलटी बाजू मॅक्ग्रेगर कुळाने भोगली. १६०३ च्या फेब्रुवारीत ग्लेन फ्रुइन येथे त्यांनी कोल्हून कुळाची मोठी कत्तल केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने ‘मॅक्ग्रेगर’ हे आडनावच रद्द केले. ते लावणाऱ्याला देहदंडाची शिक्षा होती. माणसे ग्रँट झाली, कॅम्पबेल झाली, स्टुअर्ट झाली. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा लागली आणि १७७४ साली कायमची गेली. दंतकथांचा नायक ठरलेला रॉब रॉय मॅक्ग्रेगर या काळात आईचे कॅम्पबेल हे नाव वापरत होता. पावणेदोनशे वर्षांत किती घरे मूळ नावाकडे परतली आणि किती नव्या नावाखालीच राहिली, याचा हिशेब कुणालाच ठेवता आला नाही. आज ग्रँट आडनाव लावणाऱ्याचा पूर्वज मॅक्ग्रेगर असणे सहज शक्य आहे.

समान आडनावावरून नाते जोडणे तर त्याहून धोक्याचे. महाबळेश्वरच्या माल्कमपेठेला ज्याचे नाव मिळाले तो गव्हर्नर जॉन माल्कम इंग्लंडच्या सीमेलगतच्या एस्कडेल खोऱ्यातला. माल्कम नावाचे कूळ आहे ते पश्चिमेच्या अर्गाइलमध्ये, दूर गेलिक मुलखात. विल्सनचे उदाहरण अधिक मजेदार आहे. स्मरणिकांच्या दुकानांतल्या याद्यांत विल्सन हे अगदी उत्तरेकडच्या गन कुळाचे उपनाम म्हणून दाखवलेले असते. विल्सन कॉलेजचा संस्थापक मात्र दक्षिणेतल्या लॉडर गावचा. ‘विल’ नावाचा बाप देशभर कुठेही असू शकतो, एवढे साधे तारतम्यही या याद्यांना नाही. त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावल्या. १८९६ साली फ्रँक अ‍ॅडमने ‘माझे टार्टन कोणते?’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तकच काढले. कूळ नसलेल्या गिऱ्हाइकालाही कुठल्यातरी कुळाचे कापड घेता यावे, ही सोय त्यांनी उत्तम केली.

टार्टन म्हणून जे विकले जाते त्याची विणकामाची रीत खरोखरच जुनी आहे. ताण्यात रंगीत धाग्यांचा जो क्रम आणि जी संख्या, तीच बाण्यात; एक बाणा ताण्याच्या दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जातो, त्यामुळे कापडावर तिरप्या रेघा उमटतात. रंगांचा क्रम एका टोकापर्यंत जाऊन उलट फिरतो आणि हा आकृतिबंध कापडभर पुनरावृत्त होतो. फॉल्कर्क येथे रोमन चांदीच्या नाण्यांच्या हंड्याबरोबर सापडलेला लोकरीचा तुकडा तिसऱ्या शतकातला आहे. त्यात लोकरीच्या नैसर्गिक फिक्या आणि गडद रंगांचे साधे चौकडे आहेत. ग्लेन अफ्रिकच्या दलदलीत मिळालेला, हिरव्या-तांबूस-पिवळ्या रंगांचा तुकडा १५०० ते १६०० च्या दरम्यानचा ठरला असून २०२३ मध्ये तो डंडीच्या संग्रहालयात मांडण्यात आला. कापड जुने आहे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कापडावर कुळाचे नाव कधी लागले याचा.

१७०३ साली पश्चिमेच्या बेटांचे वर्णन छापणाऱ्या मार्टिन मार्टिनने लिहून ठेवले की चौकड्यांवरून माणूस कोणत्या ठिकाणचा हे ओळखता येते. लक्षात घ्यायचे ते हे की त्याने ठिकाण म्हटले, कूळ म्हटले नाही. गावचा विणकर, त्या परिसरात मिळणाऱ्या रंगाच्या मुळ्या-साली-दगडफूल आणि तिथली आवड यांतून असा सारखेपणा येणारच.

ग्रँट घराण्याचाच पुरावा या बाबतीत सर्वांत बोलका आहे. १७०४ साली या घराण्याच्या नायकाने आपल्या माणसांनी तांबड्या-हिरव्या रुंद चौकड्यांचे कपडे करून घ्यावेत असा हुकूम काढला होता. कुळाच्या टार्टनचा आरंभ म्हणून तो अनेकदा पुढे केला जातो. पण दहा वर्षांनी, १७१४ च्या सुमारास, रिचर्ड वेट या चित्रकाराने त्याच दरबारातल्या पहिलवानाची आणि बॅगपाइप वाजवणाऱ्याची चित्रे काढली. ती त्याच घराण्यासाठी काढलेली असूनही दोघांच्या अंगावरचे कापड एकसारखे नाही. अठराव्या शतकातल्या ग्रँट मंडळींची इतर चित्रे शेजारी ठेवली की गोंधळ वाढतच जातो. हुकूम गणवेशापुरता असावा आणि घरात ज्याला जे आवडे ते तो घाली, हाच त्याचा सरळ अर्थ.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइट बंडाचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने झालेल्या उठावाचा, शेवट झाला. पाठोपाठ आलेल्या कायद्याने हायलँड्समधल्या पुरुषांना आणि मुलांना तिथला पेहराव वापरण्याची बंदी झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. स्त्रियांना हा कायदा लागू नव्हता, आणि सरकारी फौजेतल्या हायलँड पलटणींनाही नव्हता. १७८२ मध्ये बंदी उठली तेव्हा एक पिढी मोठी झाली होती आणि सामान्य शेतकऱ्याला त्या जुन्या कपड्याचे फारसे कौतुक उरले नव्हते. टार्टन जिवंत राहिले होते ते पलटणींत. ब्लॅक वॉच या पलटणीचे गडद निळे-हिरवे कापड हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध.

पलटणींना कापड पुरवणाऱ्यांत स्टर्लिंगजवळच्या बॅनकबर्नची विल्सन ही पेढी आघाडीवर होती. तिच्याकडे नमुन्यांना आधी क्रमांक होते. नावे हळूहळू आली, आणि ती कधी गावांची होती, कधी माणसांची. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळांच्या नायकांना पत्रे धाडून आपापल्या टार्टनचा नमुना शिक्का मारून पाठवण्यास सांगितले. काही नायकांना आपले टार्टन कोणते हेच ठाऊक नव्हते. मग १८२२ च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. १६५१ नंतर स्कॉटलंडच्या भूमीवर पाऊल ठेवणारा हा पहिलाच राजा. सोहळ्याची सूत्रे कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या हाती होती आणि त्याने नायकांना कुळाच्या कापडात हजर राहण्याचे आवाहन केले. स्थूल देहाच्या राजाने स्वतः लाल टार्टनचा किल्ट आणि खाली कातडीच्या रंगाची घट्ट विजार घातली; व्यंगचित्रकारांना त्या वर्षी दुसऱ्या विषयाची गरज पडली नाही. बॅनकबर्नला जादा माग बसवावे लागले. मॅकफर्सन कुळाच्या नायकाच्या वाट्याला जे कापड आले ते पूर्वी ‘किड’ या नावाने विकले जात होते, कारण त्या नावाच्या एका व्यापाऱ्याने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांच्या कपड्यांसाठी ते घाऊक घेतले होते. त्याही आधी त्याला नुसता क्रमांक होता.

राहिलेली पोकळी दोन भावांनी भरून काढली. अ‍ॅलन आडनावाचे हे बंधू स्वतःला सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवत आणि कलोडनला हरलेल्या राजपुत्राचे नातू असल्याचे सूचित करत. १८४२ मध्ये त्यांनी ‘व्हेस्टिआरियम स्कोटिकम’ हा रंगीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पंच्याहत्तर टार्टने होती आणि ती एका जुन्या हस्तलिखितावरून घेतल्याचा दावा होता. सीमेवरच्या, कधीही टार्टन न वापरणाऱ्या घराण्यांनाही त्यात उदारपणे एकेक नमुना बहाल केला होता. स्कॉटला ते हस्तलिखित आधीच संशयास्पद वाटले होते. पुढे १९८० साली ग्रंथाचे कसून परीक्षण होऊन बनावटपणावर शिक्कामोर्तब झाले. तोवर जवळजवळ एकशे चाळीस वर्षे लोकांनी ती टार्टने लग्नात, युद्धात आणि प्रेतयात्रेत वापरली होती. बनावट कागदावर खरी परंपरा उभी राहिली, आणि ती आता खोटी म्हणून टाकून देता येत नाही.

आज २००८ च्या कायद्याने स्थापन झालेली स्कॉटिश टार्टन नोंदवही स्कॉटलंडचे राष्ट्रीय अभिलेखागार चालवते. ५ फेब्रुवारी २००९ पासून ती खुली आहे. नवा नमुना कुणीही, जगात कुठूनही, शुल्क भरून नोंदवू शकतो. नोंदीत रंग, धाग्यांची संख्या आणि रचनेमागचे कारण येते. कोणते टार्टन कोणी घालावे याचा कायदा मात्र नाही. आहे तो शिष्टाचार. ग्रँट म्हणून मिळणारे लाल टार्टन ड्रमंड या नावानेही विकले जाते, आणि शिकारीसाठीचे ग्रँट टार्टन म्हणजे ब्लॅक वॉचचेच कापड. कुलचिन्हाची गोष्ट वेगळी. स्कॉटलंडमध्ये ढालीवरचे चिन्ह आडनावाचे नसते, एका व्यक्तीचे असते, आणि लॉर्ड लायन या अधिकाऱ्याच्या न्यायालयाचे त्यावर नियंत्रण आहे. ‘तुमच्या आडनावाचे कुलचिन्ह’ म्हणून चौकटीत घालून विकली जाणारी वस्तू कायद्याच्या दृष्टीने कुणा दुसऱ्याचीच असते.

आयर्लंडमध्ये कुळाच्या टार्टनची जुनी परंपराच नाही. १९५६ साली डंगिव्हनजवळ जमिनीत सापडलेले, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले कपडे ‘अल्स्टर टार्टन’ म्हणून ओळखले जातात. पण अल्स्टरमध्ये त्या काळी स्कॉटलंडहून मोठी वस्ती येत होती. आयरिश परगण्यांची म्हणून मिळणारी टार्टने बहुतांशी १९९६ च्या सुमाराची, आणि तीही स्कॉटिश गिरणीने बाजारात आणलेली. आयरिश पाइपवादक वापरतात तो केशरी किल्ट एकरंगी असतो.

आयरिश आडनावाचा गुंता कापडात नाही, भाषेत आहे. १४६५ च्या कायद्याने डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अंमलातील आयरिश लोकांना इंग्रजी धर्तीचे आडनाव घेणे बंधनकारक केले: गावाचे, रंगाचे, धंद्याचे किंवा हुद्द्याचे. पुढच्या शतकांत ‘ओ’ आणि ‘मॅक’ मोठ्या प्रमाणावर गळले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेलिक पुनरुज्जीवनाच्या लाटेत काही घरांनी ते परत लावले, काहींनी चुकीचेही लावले. कॅव्हनकडचे कित्येक स्मिथ मुळात मॅक गव्हन, म्हणजे लोहाराचे वंशज. मॅक कनरी या आडनावाचे मात्र ‘किंग’ झाले. त्यातला ‘री’ राजाच्या गेलिक शब्दासारखा ऐकू आला एवढाच आधार. वॉल्श म्हणजे वेल्सचा माणूस, डॉइल म्हणजे काळा परका. फिट्झजेराल्ड नॉर्मन आहे, म्हणून फिट्झपॅट्रिकही नॉर्मन असेल असे वाटते. ते अस्सल गेलिक निघते.

म्हणूनच जाणकार शोधक आडनावाच्या अर्थापासून सुरुवात करत नाहीत. जिवंत माणसापासून एकेक पिढी मागे जायचे, आणि प्रत्येक पायरीला कागद मागायचा. स्कॉटलंडमध्ये हे काम तुलनेने सुखाचे आहे. १ जानेवारी १८५५ पासून जन्म, मृत्यू, विवाहाची सक्तीची सरकारी नोंद सुरू झाली. विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदीत दोन्ही पालकांची नावे असतात, आईचे माहेरचे आडनावही असते. त्याआधीसाठी चर्चच्या जुन्या वह्या आहेत. सर्वांत जुनी पर्थशायरमधल्या एरल गावची, १५५३ पासूनची. १८४१ पासून दर दहा वर्षांची नावनिशीवार जनगणना आहे. नावे ठेवण्याची रीतही मदतीला येते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याचा प्रघात होता. तो सर्वत्र पाळला गेला नाही, पण दोन समान नावांच्या कुटुंबांतून एक निवडताना उपयोगी पडतो.

आयर्लंडमध्ये वाट मध्येच तुटते. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतले सार्वजनिक अभिलेखागार जळाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणना त्यात गेल्या. १८६१ आणि १८७१ च्या सरकारने आधीच नष्ट केल्या होत्या आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यात गेल्या. पूर्ण शिल्लक असलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची. त्यामुळे शोध जमीनमहसुलाच्या कागदांकडे वळतो: १८२३ ते १८३७ च्या चर्चकराच्या वह्या आणि १८४७ ते १८६४ या काळात झालेली ग्रिफिथची मोजणी. त्यांत घरातल्या सगळ्यांची नावे नाहीत, खातेदाराचेच आहे. दुष्काळात मेलेला किंवा अमेरिकेला गेलेला भूमिहीन माणूस तिथे सापडत नाही. कॅथलिक चर्चच्या वह्यांच्या प्रतिमा २०१५ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाने सर्वांना खुल्या केल्या. २०२२ मध्ये जळालेल्या दप्तराची इतरत्र उरलेल्या प्रतींवरून पुनर्रचना करणारा संगणकीय खजिनाही सुरू झाला. आडनाव कळले तरी गावठाणाचे नाव कळेपर्यंत आयरिश शोध पुढे सरकत नाही, ही तिथल्या शोधकांची नेहमीची तक्रार.

गुणसूत्रांच्या चाचणीने या कागदांना एक नवा जोडीदार मिळाला. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र आडनावासारखेच प्रवास करते. मॅकडोनाल्ड आणि त्यांच्या शाखांतील अनेक पुरुषांत एकच वंशखूण आढळली आणि ती नॉर्वेकडची निघाली. सॉमरलेडला गेलिक राजांचा वंशज ठरवणाऱ्या जुन्या वंशावळ्या त्यामुळे अडचणीत आल्या. दत्तक, अनौरस संतती आणि बदललेली नावे मात्र ही चाचणीही नुसती दाखवते, त्यांचे कारण सांगत नाही.

मुंबई इलाख्यातल्या स्कॉट आणि आयरिश माणसांची वाट लंडनमधून जाते. कंपनीच्या फौजेत भरती होणाऱ्या कॅडेटच्या अर्जाला बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असे. ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात हे अर्ज आहेत आणि तिथून थेट स्कॉटलंडमधल्या गावच्या चर्चपर्यंत पोचता येते. इकडचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफन यांच्या प्रतीही दरवर्षी लंडनला जात. मुंबईची मालिका १७०९ पासून सुरू होते. या वह्यांत स्कॉट सोल्जरांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे आहेत, वडिलांचे आडनाव, हुद्दा आणि पलटण यांसह. आई देशी असेल तर तिची जागा अनेकदा कोरी असते, किंवा तिथे ‘देशी स्त्री’ एवढेच लिहिलेले असते. अशा घरांतल्या वंशजांना ग्रँट किंवा कॅम्पबेल या बाजूने कित्येक पिढ्या मागे जाता येते. दुसऱ्या बाजूने एकही पायरी चढता येत नाही.